उतरलेली बॅटरी आणि गेलेली बॅटरी

सेल्फचं बटण दाबावं आणि इंजिनाऐवजी सीटखालून नुसतं टक्-टक्-टक्-टक् ऐकू यावं. मीटरवरचे दिवे त्या तालावर मिणमिणतात, डिजिटल घड्याळ एकवर जाऊन बसतं आणि मागे बसायला निघालेलं माणूस मुकाट्याने रिक्षाच्या दिशेने चालू लागतं. हा आवाज बॅटरीचा नाही, स्टार्टर रिलेचा, म्हणजे स्टार्टर मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचचा. रिलेची छोटी कॉइल ओढायला जेमतेम वीज लागते, तेवढी बॅटरीत असते. रिले लागतो, मग स्टार्टर मोटर एकदम ६०-८० अँपिअर मागते. बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो, रिले सुटतो. भार गेला की बॅटरी पुन्हा डोकं वर काढते आणि रिले पुन्हा लागतो. म्हणजे टक्-टक् ऐकू येत असेल तर बॅटरीत अजून धुगधुगी आहे. काहीच ऐकू येत नसेल तर आधी फ्यूज, क्लचचा स्विच आणि साइड स्टँडचा स्विच बघावा. बॅटरीचा नंबर त्यानंतर.

मराठीत या प्रसंगासाठी दोन वेगळे शब्द आहेत. बॅटरी 'उतरली' आणि बॅटरी 'गेली'. उतरलेली परत चढते, गेलेली गेली. फरक इतका स्वच्छ असूनही दुकानाच्या काउंटरवर तो कुणी विचारत नाही. उतरलेली बॅटरी गेलेली समजून बदलली जाते, आणि जिच्यामुळे ती उतरली ती खोड गाडीत तशीच राहते. मग नवी बॅटरीही आठ महिन्यांत उतरते आणि कंपनीच्या नावाने बोटं मोडली जातात. मोटरसायकलमध्ये दुसऱ्याच्या चुकीचं खापर सर्वांत जास्त कुणाच्या डोक्यावर फुटत असेल, तर ते बॅटरीच्या.

पूर्वी याची फिकीर नव्हती. किकवाल्या १०० सीसी गाड्यांत अडीच एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीतल्या साठ्याचं माप) डबी असायची. तिचं काम हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेक लाइट एवढंच. हेडलाइट थेट मॅग्नेट कॉइलवर, म्हणजे इंजिन फिरताना वीज बनवणाऱ्या कॉइलवर, म्हणून सिग्नलला गाडी उभी राहिली की तो मंद व्हायचा आणि रेस दिली की उजळायचा. स्पार्कही कॉइलवरूनच. बॅटरी काढून घरी ठेवली तरी गाडी बिनतक्रार ऑफिसला जायची. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू राहू लागला. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि कार्ब्युरेटर जाऊन जवळपास सगळीकडे फ्युएल इंजेक्शन आलं. आता पेट्रोलचा पंप विजेवर, इंजेक्टर विजेवर आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, तोही विजेवर. कित्येक गाड्यांची किक तर काढूनच टाकली आहे. बॅटरी पार झोपलेली असेल तर चौघांनी धक्का मारूनही अशी गाडी सहसा स्टार्ट होत नाही, कारण पंपात पेट्रोलचा दाबच तयार होत नाही.

आत काय चालतं ते एकदा समजून घेतलं की पुढचं बरंच काही आपोआप कळतं. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये शिशाच्या पट्ट्या सल्फ्युरिक आम्लात बुडवून पुन्हा चार्ज होणारी पहिली बॅटरी केली. आजही रसायन तेच. एक प्लेट चॉकलेटी रंगाच्या लेड डायॉक्साइडची, दुसरी करड्या सच्छिद्र शिशाची. वीज काढली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं आणि आम्ल पातळ होत होत पाण्याकडे झुकतं. चार्ज केलं की सल्फेट परत आम्लात जातं. असा प्रत्येक सेल २.१ व्होल्टचा. असे सहा एका रांगेत जोडले की पूर्ण चढलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. 'बारा व्होल्टची बॅटरी' हे बोलण्यापुरतं. मीटरवर खरोखर १२.० दिसले तर बॅटरीत पाव भागच शिल्लक आहे.

मेख त्या सल्फेटमध्ये आहे. ताजं सल्फेट मऊ असतं, चार्जिंगने विरघळतं. बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर त्याचे टणक खडे होतात आणि ते परत विरघळत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग बाद. 'उतरली'ची 'गेली' होते ती अशी, सावकाश, पार्किंगमध्ये उभ्या उभ्या.

आता दुकानात काय मिळतं ते पाहू. साध्या, पाण्याच्या बॅटरीचा डबा पांढुरका असतो, आतलं पाणी बाहेरून दिसतं, वर सहा बुचं आणि कडेला एक नळी. स्वस्त, दणकट, आणि चार्जिंग थोडं इकडेतिकडे झालं तरी सहन करणारी. मात्र दर एक-दोन महिन्यांनी वाकून बघावं लागतं. दुसरी काळ्या डब्याची सीलबंद. तिच्यात आम्ल मोकळं नसतं, काचेच्या तंतूंच्या टिपकागदासारख्या थरात शोषलेलं असतं. चार्जिंगच्या वेळी निघणारा ऑक्सिजन आतल्या आत निगेटिव्ह प्लेटवर परत पाणी होतो, म्हणून पाणी घालावं लागत नाही. हिला कागदोपत्री व्हीआरएलए किंवा एजीएम म्हणतात, बाजारात 'एमएफ' किंवा 'जेल'. खरी जेल बॅटरी वेगळी असते. तिच्यात आम्लात सिलिका मिसळून ते खळीसारखं घट्ट केलेलं असतं, आणि ती मोटरसायकलच्या काउंटरवर क्वचितच सापडते. दुकानदार 'जेल' म्हणाला तर तो एजीएमच देतोय असं समजून चाला, त्यात फसवणूक नाही. चौथा प्रकार लिथियम. त्याच्याकडे शेवटी येऊ.

निवडताना पहिला प्रश्न गाडीने मागितलेल्या एएचचा. ३, ४, ५, ७, ९, त्याहून मोठ्या गाड्यांना १२-१४. मॅन्युअलमध्ये किंवा जुन्या बॅटरीवर आकडा असतो. त्याहून कमी घेऊ नका, मग दुकानदार 'चालतंय हो' कितीही वेळा म्हणो. जास्त एएचची बसत असेल तर विजेच्या दृष्टीने अपाय नाही. फक्त गाडीची कॉइल तेवढीच वीज बनवणार, त्यामुळे मोठ्या बॅटरीचा फायदा साठ्यापुरताच. दुसरी गोष्ट माप. कप्प्यात डगडगणारी बॅटरी खडखडून लवकर मरते, कारण प्लेटांवरचा लेप हादऱ्याने सुटून तळाशी साचतो आणि एक दिवस दोन प्लेटा तळातून शॉर्ट होतात. तिसरी, आणि सगळ्यांत जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे पॉझिटिव्ह टर्मिनल कोणत्या बाजूला आहे. मॉडेलच्या नावाशेवटी एल किंवा आर असतं. त्या अक्षरावर भिस्त ठेवण्यापेक्षा जुनी आणि नवी बॅटरी टर्मिनल आपल्याकडे करून शेजारी ठेवा आणि डोळ्यांनी बघा. उलट्या बाजूची बॅटरी आली की वायर ताणून, पिळून बसवली जाते, आणि ताणलेली पॉझिटिव्ह वायर फ्रेमला घासली की पुढची गोष्ट थेट धुराची असते.

पाण्याची काढून सीलबंद बसवावी का? बसवता येते, पण आधी चालू गाडीचं चार्जिंग मोजा. १४.५ व्होल्टच्या आत असेल तर खुशाल. जुन्या गाडीचा रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग, १५ च्या पुढे ढकलत असेल तर पाण्याची बॅटरी फक्त पाणी जास्त पिईल, पण सीलबंद बॅटरीतून गेलेलं पाणी परत घालायची सोय नसते. ती फुगेल आणि मरेल. जुन्या गाड्यांना साध्या बॅटरीच बऱ्या, असं माझं मत याच कारणामुळे आहे. मालकाला दर महिन्याला वाकायचा कंटाळा असेल तर तो वेगळा विषय.

काउंटरवरच मल्टिमीटर लावायला सांगा. सीलबंद बॅटरी फळीवर पडून पडूनही उतरते, म्हणून तिच्यावरची निर्मितीची तारीख वाचा आणि व्होल्टेज बघा. १२.७-१२.८ असेल तर घ्या. १२.४ च्या खाली असेल तर दुसरी मागा, कारण वॉरंटी आजपासून मोजली जाणार असली तरी सल्फेट कधीच मोजायला लागलंय.

पाण्याच्या बॅटरीचं वेगळं असतं. ती कोरडी येते, प्लेटा कारखान्यातच चार्ज केलेल्या, नळीच्या तोंडाला टोपण. दुकानदार टोपण काढतो, सहा घरांत आम्ल ओततो, दहा मिनिटांत गाडीला लावतो, सेल्फ मारून दाखवतो आणि पैसे घेतो. गाडी स्टार्ट होते, म्हणून कुणाला वाटत नाही की काही चुकलं. पण आम्ल भरल्यावर प्लेटांना भिजायला किमान अर्धा तास लागतो. तेवढ्यात पातळी थोडी खाली जाते, ती त्याच आम्लाने वरच्या रेषेपर्यंत आणायची असते. (आम्ल घालायची ही शेवटची वेळ. यापुढे जन्मभर फक्त पाणी.) मग पहिला चार्ज. एएचच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे ५ एएचला अर्धा अँपिअर, ९ एएचला ०.९, असा निदान चार-पाच तास, बुचं सैल ठेवून. कोरडी बॅटरी जितकी जुनी तितका वेळ जास्त. पहिला चार्ज टाळलेली बॅटरी साधारण ८० टक्क्यांवर आयुष्य सुरू करते आणि गाडीवर ती कमतरता पुरती कधीच भरून निघत नाही. म्हणून 'आज आम्ल भरून चार्जिंगला लावा, उद्या संध्याकाळी घेऊन जातो' असं सांगणारं गिऱ्हाईक दुकानात आवडत नसलं तरी त्याचीच बॅटरी टिकते.

आता पाणी. डब्यावर दोन रेषा असतात, अप्पर आणि लोअर. पाणी मधे ठेवायचं. लोअरच्या खाली गेलं की प्लेटांची डोकी उघडी पडतात, हवा लागून वाळतात, आणि तो भाग पुन्हा कामाला येत नाही. अप्परच्या वर भरलं तर चार्जिंगला आम्लमिश्रित पाणी नळीतून बाहेर येतं. घालायचं ते डिस्टिल्ड वॉटर, पेट्रोल पंपावर किंवा स्पेअर पार्टच्या दुकानात कॅनमध्ये मिळतं ते. नळाचं नाही, बोअरचं तर अजिबात नाही. त्यातलं क्लोराइड आणि लोह प्लेटांना खातं आणि बॅटरी आपली आपण उतरायला लागते. घरच्या आरओचं पाणी 'शुद्ध' म्हणून घालणारे पुष्कळ आहेत. आरओ क्षार कमी करतो, काढून टाकत नाही, शिवाय चवीसाठी काही यंत्रं ते मुद्दाम परत मिसळतात. एसीच्या नळीचं पाणी तत्त्वतः वाफेचंच, पण ते तांब्याच्या नळ्यांवरून आणि वर्षाच्या धुळीवरून वाहत आलेलं असतं. वीस-तीस रुपयांच्या कॅनसाठी एवढी बुद्धी खर्च करू नये.

घालायला इंजेक्शनची सिरिंज उत्तम. एका घरात जेमतेम काही मिलिलिटर जातात, बाटलीने ओतलं की हमखास सांडतं. सहाही घरं सारख्या वेगाने कमी होत असतील तर ठीक. एकच घर सारखं रिकामं होत असेल तर तो सेल आजारी आहे किंवा डबा तिथे तडकलाय. सहाही भराभर आटत असतील तर बॅटरी नाही, रेग्युलेटर तपासा.

आणि आम्ल 'टाकून जोर आणायचा' उपाय. रस्त्याकडेचा मेकॅनिक उतरलेल्या बॅटरीचं पाणी चाखल्यासारखं करतो, 'ॲसिड संपलंय' म्हणतो आणि नवं ओततो. दोन दिवस गाडी झकास चालते. आम्ल संपलेलं नसतंच, ते सल्फेट होऊन प्लेटांवर बसलेलं असतं. नव्याची भर पडली, आणि बॅटरी चार्ज होताना जुनंही परत आलं की घनता भलतीच वाढते आणि प्लेटा करपतात. घनता मोजायची हौस असेल तर छोटा, रंगीत गोळ्यांचा हायड्रोमीटर घ्या. मोटारीच्या हायड्रोमीटरला तरंगण्याइतकं पाणी आपल्या एका घरात नसतं. पूर्ण चार्जला १.२६० ते १.२८०, अर्ध्यावर १.१९० च्या आसपास. सहा घरांत एखादंच ०.०५० ने मागे असेल तर तेच घर बॅटरीला घेऊन बुडणार.

कडेची ती नळी, ब्रीदर पाइप, म्हणजे बॅटरीचं नाक. चार्जिंगच्या शेवटी पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतं, ते इथून जातं. बॅटरी कप्प्यात दाबून बसवताना नळी मुडपली तर डबा फुगतो किंवा बुचातून आम्ल उडतं. नळी लावलीच नाही तर थेंब चेनवर आणि सायलेन्सरवर पडतात. सायलेन्सरचा क्रोम एकाच रेघेत उडालेला दिसला की वर बघावं, नळी तिथे नसते. चार्जिंग चालू असताना बुचापाशी सिगारेट, काडी, ठिणगी यांना बंदी. डबा फुटला की आम्ल डोळ्यात जातं. तसं झालंच तर भरपूर पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवायचं आणि थेट डॉक्टर.

टर्मिनलचं काम दहा मिनिटांचं आहे, पण क्रम पाळायचा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. कारण साधं आहे. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह लागलेली असताना पॉझिटिव्ह सोडवणारा दहा नंबरचा पाना फ्रेमला टेकला की वेल्डिंगच होतं. टर्मिनलवर पांढरी बुरशी आली असेल तर ती शिशाचं सल्फेट, निळी-हिरवी असेल तर वायरीतल्या तांब्याचं. कोकणात, समुद्राच्या हवेत, ती पावसाळ्यात दर महिन्याला येते. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. बुचं घट्ट असू द्या, सोड्याचा एक थेंबही आत जाता कामा नये. कोरडं करा, बोल्ट घट्ट करा, आणि मग वरून व्हॅसलिन. आधी व्हॅसलिन फासून मग बोल्ट आवळायचा नाही, जोड धातूला धातू असाच हवा. ते चौकोनी नट सारखे खाली घसरतात आणि माणसाचा अंत पाहतात. नटाखाली स्पंजचा छोटा तुकडा सारला की नट बोल्टच्या उंचीला उभा राहतो. सैल बोल्टची लक्षणं अगदी गेलेल्या बॅटरीसारखी असतात, हेही इथेच सांगून ठेवतो. कितीतरी नव्या बॅटऱ्या एका अर्ध्या आट्यापायी विकल्या गेल्या असतील.

आता मोजणी, म्हणजे उतरली की गेली याचा निवाडा. तीनशे-चारशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. वीस व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल पॉझिटिव्हला, काळा निगेटिव्हला.

पहिलं रीडिंग सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. नुकतीच चालवून आणलेल्या गाडीचं रीडिंग फुगलेलं असतं. १२.६ च्या वर उत्तम, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ म्हणजे रिकामी. सीलबंदचे आकडे एखाद-दोन दशांश वर धरा. आणि १०.५ च्या आसपास दिसले तर? १२.६ मधून एका सेलचे २.१ वजा करा. एक घर शॉर्ट झालं, बॅटरी गेली. हिला कितीही चार्जिंग करा, ती साडेदहावरच येऊन बसणार.

दुसरं रीडिंग सेल्फ मारताना, नजर मीटरवर ठेवून. ९.५-१० च्या वर राहिलं पाहिजे. उभ्या गाडीवर १२.७ आणि सेल्फ मारताच ६, ही सर्वांत फसवी बॅटरी. व्होल्टेज आहे, अंगात ताकद नाही. प्लेटांवर टणक सल्फेट किंवा आतला जोड तुटलेला. मात्र निकाल देण्याआधी टर्मिनल आवळा आणि बॅटरी रात्रभर चार्ज करून पुन्हा मोजा.

तिसरं, गाडी चालू, चार ते पाच हजार आरपीएमवर. १३.५ ते १४.५ हवं. रेस देऊनही १२.५ च्या आसपासच रेंगाळत असेल तर गाडी बॅटरी भरतच नाहीये, ती बॅटरी खातेय. आधी रेग्युलेटर-रेक्टिफायरचा, म्हणजे आरआर युनिटचा कनेक्टर काढून बघा. पिवळ्या वायरींच्या जोडापाशी प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलेलं पुष्कळदा सापडतं, आणि दुरुस्ती तेवढ्यावर भागते. तसं नसेल तर कॉइलमधून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरी सुट्या करून, मीटर एसीवर लावून, चालू गाडीत दोन-दोनच्या तीन जोड्या मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आणि रेसबरोबर चढणारे हवेत. एक जोडी मागे असेल तर कॉइल जळलीय. तिन्ही सारख्या असतील तर दोष आरआर युनिटचा. आणि ५,००० ला १५ च्या वर जात असेल तरी दोषी तेच युनिट. नवी बॅटरी टाकून हा रोग बरा होत नाही, तो फक्त नव्या बॅटरीला होतो.

चौथं रीडिंग कुणी घेत नाही, आणि अर्ध्या तक्रारींचं उत्तर तिथेच असतं. गाडी बंद, चावी काढलेली. निगेटिव्ह वायर सोडून तिच्यात आणि टर्मिनलमध्ये मीटर मिलिअँपिअरवर लावा. (या वेळी चावी फिरवायची नाही, सेल्फ तर नाहीच, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल.) एक-दोन मिलिअँपिअर ठीक, घड्याळ आणि ईसीयूला ते लागतातच. बाहेरून बसवलेला अलार्म किंवा जीपीएस ट्रॅकर असेल तर आकडा २० वर जाऊ शकतो. २० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला जवळपास अर्धा एएच. ५ एएचची बॅटरी पाच दिवसांत अर्धी, दहा दिवसांत सपाट. गणपतीला गावी जाऊन आल्यावर 'बॅटरी अचानक गेली' म्हणतात, त्यातलं 'अचानक' हे असं असतं.

'छोट्या फेऱ्यांनी बॅटरी मरते' हेही थोडं तपासून घ्यायला हवं. ८० अँपिअरने तीन सेकंद सेल्फ मारला तर २४० अँपिअर-सेकंद खर्च होतात, म्हणजे ०.०७ एएच. एका अँपिअरने परत भरायला चार-पाच मिनिटं. सेल्फ इतका महाग नाही. महाग पडतं ते सिग्नलला उभं राहणं. आयडलला कॉइल कमी वीज बनवते, आणि तेवढ्यात ३५ वॉटचा हेडलाइट, दाबलेल्या ब्रेकचा २१ वॉटचा बल्ब, इंडिकेटर आणि पंप मिळून सात-आठ अँपिअर मागतात. वर फॉगलाइट बसवले असतील तर विचारूच नका. म्हणून मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रोज खाली उतरून पाच मिनिटं गाडी जागेवर सुरू ठेवणाऱ्यांच्या बॅटऱ्याही बसल्या. जागेवर घुरघुरणारी गाडी बॅटरी भरत नाही, अंगणात पेट्रोल जाळते. त्यापेक्षा निगेटिव्ह वायर काढून ठेवणं शंभर पटींनी बरं होतं. पुण्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये परदेशी गेलेल्या मुलांच्या गाड्या कव्हर घालून उभ्या असतात. त्यांच्या आईवडिलांनी करायची एवढी एकच गोष्ट: बॅटरी काढून घरात, सावलीत ठेवायची आणि दर महिना-दीड महिन्याला चार्ज करायची.

चार्जर कोणता? पुन्हा दहावा हिस्सा. मोटारी-ट्रकच्या चार्जरवर चार एएचची बॅटरी 'दोन तासांत करून देतो' म्हणणाऱ्याकडे ती देऊ नका. ती गरम होते, प्लेटा वाकतात, सीलबंद असेल तर फुगते. दुचाकीसाठीचा एक अँपिअरच्या आतला, आपोआप थांबणारा चार्जर आयुष्यात एकदा घ्यायचा. अर्धी उतरलेली ५ एएचची बॅटरी अर्ध्या अँपिअरने सहा-सात तास घेते, म्हणजे रात्री लावून सकाळी काढायची. बॅटरी हाताला गरम लागली तर थांबा. कारवरून जंप द्यायची वेळ आली तर कारचं इंजिन बंद ठेवा. लाल वायर पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह. काळीचं एक टोक कारच्या निगेटिव्हला, दुसरं गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. सुरू झाली की उलट क्रमाने काढायच्या.

थंडीचा धसका आपल्याकडे उगाच. इकडे बॅटरीला मारतो तो उन्हाळा. तापमान दर आठ-दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. अकोला-चंद्रपूरकडे ४५ अंशांत उन्हात उभी राहणारी गाडी आणि महाबळेश्वरची गाडी यांच्या बॅटऱ्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. मग तिचं प्रेत हिवाळ्यात का सापडतं? उन्हाळ्यात खिळखिळी झालेली बॅटरी डिसेंबरच्या सकाळी घट्ट झालेल्या ऑइलशी झुंजू शकत नाही म्हणून.

लिथियमबद्दल थोडक्यात. मोटरसायकलची चांगली लिथियम बॅटरी लोहफॉस्फेटची असते, साधारण ३.३ व्होल्टचे चार सेल. तीन किलोच्या जागी एक किलोच्या आत वजन, आणि सेल्फला जबर झटका. पण वाचायचे आकडे वेगळे. हिला १३.३ म्हणजे भरलेली आणि १२.८ म्हणजे जवळजवळ तळ. जुन्या सवयीने १२.८ पाहून खूश झालात तर फसाल. दुसरं, डब्यावरचा एएच कित्येकदा शिशाच्या 'बरोबरीचा' असतो, खरा साठा त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. ट्रॅकरवाल्या गाडीत ही दहा दिवस नाही, तीन दिवस टिकेल. चार्जिंग १४.६ च्या वर सोसत नाही, आणि सल्फेट झाडणाऱ्या झटक्याच्या चार्जरला तर लावायचीच नाही. लडाखला नेणाऱ्यांनी पहाटे सेल्फ मारण्याआधी मिनिटभर हेडलाइट चालू ठेवावा. आतले सेल थोडे गरम होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला गाडी घेते. रोजच्या ऑफिसच्या गाडीला हा खर्च मला पटत नाही.

इतकं करूनही एक दिवस बॅटरी जातेच. ती भंगारवाल्याला देऊ नका, दुकानदाराला द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्चक्रीकरणाला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि दुकानात जुनीच्या बदल्यात पैसेही कापून मिळतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणून ते चुलीएवढ्या भट्टीतही गाळता येतं. आम्ल गटारात आणि धूर वस्तीत, असं ते गाळणारे आहेतच. नेताना बॅटरी उभीच धरा, पाण्याची असेल तर प्लॅस्टिकच्या टबात.

नवी बसवलीत की डब्यावर मार्करने तारीख लिहा, आणि तिच्याखाली तीन आकडे: उभ्या गाडीचा, सेल्फ मारतानाचा, पाच हजारावरचा. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आहे ना ते बघा. मग निगेटिव्हचा बोल्ट आवळा, चावी फिरवा आणि घड्याळ परत लावा.